पेन्सिलीवरची शाई

दि. ७, शुक्रवार, दुपार

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं आधी लिहून टाकते. आईचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. तू शिवून पाठवलेले पडदे लावले, पण ते चार बोटं आखूड पडले. आई म्हणाली, "माप कळवताना हिचं लक्ष कुठं होतं कोण जाणे!" म्हणजे शिवलेस तू आणि बोलणी बसली मला.

भाऊजी बाहेर आईशी गप्पा मारत बसलेत. तासाभरात गाडी काढतील आणि संध्याकाळी हे पत्र तुझ्या हातात देतील. मघाशी दारातून डोकावून म्हणाले, "मेहुणीबाई, प्रबंध लिहिताय की काय?" मी हसले. त्यांना काही सांगितलेलं नाही, आधी तुला कळायला हवं.

परवा फोनवर तू म्हणालीस, भिंगरीच्या शाळेत दोन मुलांना गोवर निघालाय आणि महामारीत ज्यांचे लसीचे डोस राहिले त्यांना सोमवारी आरोग्य केंद्रावर बोलावलंय. "आपल्याला कसली काळजी? आपलं कार्ड एकदम चोख. मावशीच सिस्टर आहे म्हटलं!" मी घाईघाईने पडद्यांचा विषय काढला. काल पुन्हा फोन केला तेव्हाही पडदेच. तू वैतागलीस, "काय खूळ घेतलंयस पडद्यांचं?"

ताई, कार्ड चोख नाही. भिंगरीचे दीड वर्षाचे दोन्ही डोस, गोवराचा दुसरा धरून, झालेले नाहीत.

आमच्या केंद्रावर पुढच्या डोसची तारीख चौकटीत पेन्सिलीने लिहितात. डोस दिला की त्यावर शाई फिरवायची आणि सही करायची. पेन्सिल म्हणजे द्यायचाय, शाई म्हणजे दिला. त्या वर्षी केंद्र अडीच महिने बंद होतं. उघडलं आणि लगेच वरून तपासणी येणार असल्याचं कळलं. चौदा मुलांची कार्डं आधीच माझ्याकडे जमा होती, त्यात भिंगरीचंही होतं. एका दुपारी मी चौदाही कार्डांवर पेन फिरवलं. म्हटलं, आठवड्याभरात सगळ्यांना बोलावून टोचून टाकू, कुणाला कळणार आहे?

तपासणीत मला शाबासकी मिळाली. त्यानंतरच्याच सोमवारी माझी बदली तापाच्या वॉर्डात झाली. माझ्या जागी आलेल्या सिस्टरने शाई पाहिली आणि त्या चौदा जणांना बोलावलंच नाही. ज्या आया आपणहून आल्या, त्यांना कार्ड दाखवून परत पाठवलं. लिहिलंय म्हणजे आपणच विसरलो असू, असं त्या बिचाऱ्यांना वाटलं.

वॉर्डात मी मरमर राबले, हे खरं आहे. पण त्या सिस्टरला एक वाक्य सांगायला कितीसा वेळ लागला असता? मला लाज वाटत होती, बस. तू तेव्हा तापामुळे स्वतःला खोलीत कोंडून घेतलेलं, भिंगरी तीन आठवडे आमच्याकडे. तिला दुरून दाखवायला आणलं तेव्हा तू दाराआडून विचारलंस, "दीड वर्षाचं झालं का गं तिचं?" मी म्हटलं, "झालं." तेव्हा ती माझ्या कडेवर होती. अजून चारचौघांत तू सांगतेस, मी आजारी असताना धाकटीने पोरीचं सगळं वेळेवर केलं. दर वेळी मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आता मी पुन्हा केंद्रावर आहे. गेल्या महिन्यात राहिलेल्या डोसांसाठी आम्ही घरोघर फिरत होतो. मी एका बाईला चांगलंच झापलं, "पोराच्या डोसाचं भान नको का?" ती आत गेली, कार्ड घेऊन आली आणि माझ्या सहीवर बोट ठेवून म्हणाली, "सिस्टर, मग हे काय आहे?"

त्याच दिवशी केंद्राच्या डॉक्टरबाईंना सगळं लेखी दिलं. चौकशी लागली आहे, नोकरीचं काय व्हायचं ते होईल. मग तेरा घरी जाऊन स्वतः सांगितलं. एकाने तोंडावर दार लावून घेतलं. एका आजीने सगळं ऐकून घेतलं आणि पाणी दिलं, तेव्हा मला रडू फुटलं. तेराही मुलांचे डोस झाले. परक्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण तुझ्या दारात यायचं धाडस होईना. माझ्या सख्ख्या भाचीला मी सगळ्यांत शेवटी ठेवलं, आणि तिच्याच शाळेत गोवर आला.

सोमवारची वाट बघू नकोस. उद्या सकाळीच तिला केंद्रावर ने. कुणी म्हणालं की कार्डावर दिलेले दिसतात, तर हे पत्र पुढे कर. नऊ महिन्यांचा गोवराचा पहिला डोस मात्र खरा आहे. तो मीच दिला होता आणि ती रडायच्या ऐवजी माझं घड्याळ ओढत होती. त्यामुळे अगदीच उघडी नाही ती. पण ताप आला, डोळे लाल झाले, तर घरी थांबू नकोस, आधी फोन कर आणि डॉक्टरांकडे जा.

वाटेल ते बोल मला. फोन उचलून बोल, एवढंच मागते. नाही बोललीस तरी समजेन.

सोबत नवं कार्ड ठेवलंय. झालेले डोस रजिस्टर बघून डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने उतरवलेत. दीड वर्षाच्या दोन चौकटी रिकाम्या आहेत, मी पेन्सिलसुद्धा लावलेली नाही. त्या तिथल्या सिस्टरकडून भरून घे, आणि सुई टोचलेली तुझ्या डोळ्यांनी बघ. कुणाच्या "झालं"वर विश्वास ठेवू नकोस.

तुझ्या दाराबाहेर उभी,
धाकटी