सोळा अँपिअरची चोवीस सॉकेटं

एका सॉकेटमागे मला अकरा रुपये जास्त सुटले. चोवीस सॉकेटांचे दोनशे चौसष्ट झाले. त्यापायी उंब्रजच्या राणी पोळ यांच्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची आखडली आणि एका चांगल्या वायरमनचं नाव गेलं. बाकी जी मिळकत आहे ती खाली लिहितो.

मी, नाथाजी कोंडीबा शेवाळे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा विजेच्या सामानाचं दुकान, राहणार सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गोळ्या दोनच, रक्तदाबाच्या. कोणी दबाव टाकून लिहून घेत नाही. उलट वकील चंदना मगदूम यांनी "काका, जरा आटपतं घ्या" असं दोनदा सांगून झालं आहे.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं. वडील कोयनानगरला धरणावर मजूर होते, त्यांच्याकडून मला एक टेस्टर मिळाला, तोही कुणी विसरून गेलेला. घर आणि बँकेतली ठेव माझ्या पश्चात पत्नी अंबूबाई हिची. तिच्यानंतर मुलगा ऋषिराज आणि मुलगी क्रांती यांना निम्मं निम्मं. क्रांतीनं हक्क सोडून द्यावा असं तिला कोणी सुचवू नये. कोण सुचवणार ते मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातलं बोलणं बाहेर झोपाळ्यावर स्पष्ट ऐकू येतं.

२. माझी अ‍ॅल्युमिनियमची शिडी शेजारचे हार्डवेअरवाले भूपाल चौगुले यांच्याकडे नऊ वर्षं आहे. मागून थकलो म्हणून ती त्यांनाच देणार होतो. चंदना म्हणाली, ज्याला या कागदातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. भूपाल तर साक्षीदार पाहिजेत. म्हणून शिडी त्यांना दिलेली नाही, ती फक्त त्यांच्याकडे आहे.

३. दुकान, माल आणि उधारीची वही ऋषिराजला. अट अशी, की कंत्राटदाराला माल देण्याआधी प्रत्येक लॉटमधला एक नग स्वतः उघडून बघायचा. आतली पट्टी पितळी पाहिजे आणि जाड पाहिजे. प्लग घालून सॉकेट उलटं धरलं तर प्लग गळून पडता कामा नये. प्लास्टिकला काडी लावावी. काडी काढल्यावरही ते जळत राहिलं तर बॉक्स परत. नुसता शिक्का बघून थांबू नये, शिक्का छापताही येतो. कंत्राटदाराला घाई असते आणि त्याला स्वस्त हवं असतं. पण तो काम संपवून निघून जातो, सॉकेट मात्र वीस वर्षं दुसऱ्याच्या भिंतीत राहतं.

साताऱ्यापासून मिरजेपर्यंतचे वायरमन सांगतात, की शेवाळे आप्पा नुसता खटका ऐकून आत पितळ आहे का लोखंड ते ओळखतो. ही गोष्ट मीच पसरवली. नग कानाशी धरायचा, डोळे मिटायचे, खटका दोनदा वाजवायचा, मान हलवायची. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. खरं म्हणजे गल्ल्याच्या खणात एक लोहचुंबक आहे. माल आला की दुपारी शटर अर्धं ओढून मी तो पट्टीला लावतो. चिकटला तर लोखंड. ते कळल्यावर मग माझा कान बोलतो. हा चुंबक नात अंकिता हिला. तिनं तो काउंटरवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवावा.

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. चार वर्षांपूर्वी अमृत थोरवडे यानं उंब्रजला चोवीस फ्लॅटच्या इमारतीचं वायरिंग घेतलं. तो माझ्याच काउंटरवर धंदा शिकला, म्हणून कराडची दुकानं ओलांडून माझ्याकडं यायचा. गिझरसाठी सोळा अँपिअरची सॉकेटं पाहिजे होती. नव्या लॉटला चुंबक चिकटला होता, आणि तो लॉट परत पाठवायला मी बाजूला काढून ठेवला होता. अमृत म्हणाला, "आप्पा, तुमी ऐकून द्या, म्हंजी मला बघाया नको." मी ऐकून दिला.

लोखंडी पट्टी तापते, सैल पडते, मग प्लास्टिक वितळतं. पहिल्याच हिवाळ्यात राणीताई गिझरचा प्लग काढायला गेल्या आणि सॉकेट हातातच वितळून आलं. त्या ब्लाऊज शिवायच्या.

बिल्डरनं सगळ्यांना जमवलं आणि निवाड्याला मला बोलावलं. शेजारच्या फ्लॅटमधल्या सॉकेटला मी कान लावला आणि म्हणालो, "करकर येतीया. स्क्रू सैल ऱ्हायलाय. माझा कान चुकत न्हाई."

अमृत म्हणाला, "आप्पा, सगळं म्या माझ्या हातानं आवळलंय."

"गड्या, घाईत ऱ्हातं एखादं," मी म्हणालो. वर त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याची कामं सुटली. आता तो कोयनानगरला दुसऱ्याच्या हाताखाली रोजावर जातो.

५. विश्रामबागच्या माझ्या गोडाऊनचं भाडं दरमहा राणी पोळ यांना, त्यांच्या हयातीपर्यंत. हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, कारणासकट. त्या म्हणाल्या, "आवं, मग तवाच का न्हाई बोलला?" चहा दिला त्यांनी. डाव्या हातानं.

६. या कलमात आधी असं लिहिलं होतं, की राणीताईंचं सोडून उरलेली तेवीस सॉकेटं माझ्या पश्चात दुकानाच्या खर्चानं बदलावीत. चंदनानं पेन खाली ठेवलं. "काका, ते गिझर तुमच्या मरणाची वाट बघत थांबणार आहेत का?"

दुसऱ्या दिवशी कोयनानगरला गेलो. अमृतला सगळं सांगितलं, चुंबकासकट. त्यानं हातातली वायर सोलून संपवली. मग म्हणाला, "येतो. पर सॉकेट म्या खोलणार. तुमी स्टुलावर बसायचं आन वहीत लिवायचं."

गेल्या महिन्यात दोन दिवस उंब्रजला आम्ही तेच केलं. रहिवासी दारात उभे होते. सॉकेट बाहेर काढायचं, सोडवण्याआधी स्क्रू आणखी आवळला जातो का ते बघायचं, मी लिहायचं आणि त्यानं नवं बसवायचं. एखादा तरी सैल निघावा, म्हणजे मी अगदीच खोटा ठरणार नाही, असं मला पहिल्यापासून शेवटच्या फ्लॅटपर्यंत वाटत होतं. सगळ्यात जास्त लाज मला याची वाटते.

७. दुकानात चार आणे हिस्सा अमृतच्या नावे लिहिला होता. तो त्यानं खोडायला लावला. "मला काय बी नको, आप्पा. वहीत लिवलंय त्ये या कागदावर लिवा. मग म्या साक्षीदार म्हणून सही करतो." काही घेत नसल्यामुळे तो साक्षीदार होऊ शकतो, असं चंदनानं सांगितलं.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. वरचा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण : सांगली
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२४

सही : नाथाजी कोंडीबा शेवाळे

साक्षीदार
१. भूपाल आदगोंडा चौगुले, व्यापारी, सांगली
२. अमृत शंभूराज थोरवडे, वायरमन, उंब्रज

साक्षीदार क्र. २ यांच्या सांगण्यावरून वहीतली नोंद, माझ्या हस्ताक्षरात : तेवीस सॉकेटं खोलली. एकाचाही स्क्रू सैल नव्हता.