जरा हळू

१२ ऑक्टोबर, रविवार
वाट लागली. पुन्हा त्याच पानावर! उजव्या हाताचे ऑक्टेव्ह — अंगठा खालच्या सा वर, करंगळी वरच्या सा वर, दोन्ही एकदम, आणि असं ओळीने धावत सुटायचं. चार-पाच नीट पडतात, मग मनगटाचं लाकूड होतं. रोनाल्ड सरांचं शेजारी बसून एकच पालुपद — "हळू, बाय, हळू." मी वेग कमी केला. "अजून हळू." अजून कमी केला. आता याहून हळू वाजवलं तर मला झोप लागेल.

गेल्या वर्षी पियानोच्या आठव्या ग्रेडच्या परीक्षेत याच पानाने नापास केलं. यंदाही झालं तर पियानो विकून टाकणार, असं अनयला सांगून बसलेय. तो म्हणाला, नवऱ्याला कशाला धमक्या देतेस, पियानोला दे.

१५ ऑक्टोबर
ऑफिसातून आले ती तडक बसले. ठेका देणारा मेट्रोनोम मुंगीच्या चालीवर. ठक — ठक — ठक. प्रत्येक ऑक्टेव्ह दाबून, खणखणीत. असं सगळं येतं. वेग वाढवला की बोंब!

१९ ऑक्टोबर, रविवार
सरांनी आज कपाळावर हात मारला. किती वेळा सांगू तुला, म्हणे, हळू! अहो, याहून हळू म्हणजे थांबणंच झालं की. घरी येऊन चकलीचं पीठ मळलं, सगळा राग त्यात काढला. करंगळी ठणकतेय.

२४ ऑक्टोबर
बस्स. खड्ड्यात गेलं ते हळू. आज सुसाट वाजवलं, दणादण. एक ऑक्टेव्ह धड नाही. रडले.

२५ ऑक्टोबर
लिफ्टमध्ये खालच्या पद्मजाकाकू भेटल्या. चेहरा ओशाळा. "दीप्ती, काका म्हणतात, जरा हळू वाजव ना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंदकिशोरकाकांना गणपतीत अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेलाय, दिवसभर पलंगावर — आणि वर मी घण घालतेय! सॉरी म्हटलं. पण परीक्षा तोंडावर, वाजवायचं तर आहेच. हेडफोन लावायला हा काही कीबोर्ड नाही.

२८ ऑक्टोबर
आज चोरासारखं वाजवलं. वेग सुसाटच, पण बोटं नुसती टेकवत, खाली आवाज जाऊ नये म्हणून. आणि पान संपलं! अख्खं! योगायोग असेल म्हणून पुन्हा वाजवलं. पुन्हा आलं. मनगट अगदी लोणी.

२ नोव्हेंबर, रविवार
सरांपुढे तसंच वाजवलं. सर खूश. आता कसं हळू वाजवलंस, म्हणाले. म्हटलं, सर, मी तर पळवलं.

"वेगाचं कोण बोलतंय? हळू म्हणजे हलक्या हाताने. घरात पोर निजलंय, तसं."

म्हणजे इतके महिने ते आवाजाचं सांगत होते आणि मी मेट्रोनोम मागे मागे ढकलत होते! मूर्ख मी, मूर्ख ते, आणि ही आपली मराठी — एका शब्दात दोन दोन भाडेकरू. काकांचे उपकारच म्हणायचे. परीक्षा झाली की पहिले पेढे त्यांना.

८ नोव्हेंबर
झाली परीक्षा. निकाल यायचाय, पण पान पार पडलं. पियानो राहतोय!

९ नोव्हेंबर
पेढे घेऊन खाली गेले. काकांना म्हटलं, तुमच्यासाठी आवाज कमी केला आणि माझी गाडी मार्गाला लागली. काका काहीतरी बोलू पाहत होते, शब्द पटकन उमटेना. शेवटी काकूच म्हणाल्या, "अगं, आवाजाचं कुठे म्हणाले ते? तू आधी सावकाश वाजवायचीस ना, ठक-ठक, त्यावर ते बोटं हलवायला बघायचे. करंगळी जरा हलायलाही लागली होती. मग तू पळायला लागलीस."

वर आले. मेट्रोनोम मुंगीच्या चालीवर लावला. खिडक्या उघडल्या, आणि दाबून वाजवलं.