बावीस जोड्यांना आवतन

राजमान्य राजश्री साळेबुवा लच्छूभाऊ यांना त्यांच्या एकुलत्या एका भाटव्याचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा, रामराम. घरातल्या बाकीच्यांना वयाप्रमाणे नमस्कार किंवा आशीर्वाद, ज्याचा जो असेल तो त्याने उचलून घ्यावा.

आम्ही इकडे मजेत आहोत. तुमचा खोकला कसा आहे? तुमच्या बहिणीने पाठवलेली अडुळशाची पानं उकळून घेतली, की यंदाही बकरीने खाल्ली? (मागच्या वर्षी बकरीने खाल्ली होती आणि त्यानंतर ती एकदाही खोकली नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. आलापल्लीच्या पुढे तुमच्या गावात रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आणि टेकडी चढलेला माणूस वर पोचल्यावर नुसता धापा टाकतो. त्याचे पैसे आम्ही कशाला भरायचे? शिवाय मी फोनवर बोलतो तेव्हा तुमची बहीण शेजारी बसून तांदूळ निवडते आणि मधे मधे माझं बोलणंही निवडते. म्हणून कागदच बरा. अहेरीच्या बसच्या कंडक्टरजवळ देतो आहे, तो ओळखीचा आहे.

बैल कसे आहेत, हे मी विचारत नाही. ज्येष्ठात जोडी तुमच्या हवाली केली तेव्हाच तो विषय संपला. माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, डॉक्टरांनी चिखलात उतरणं बंद केलं, आमच्या धानाच्या बांधीची चिखलणी आता ट्रॅक्टरने होते, आणि तुमच्या गाळात ट्रॅक्टर फसतो म्हणून तुम्हाला बैल हवे होते. सगळा सरळ व्यवहार. चांद्या आणि मुंगशाची मला अजिबात आठवण येत नाही, हे एकदा स्पष्ट लिहून ठेवतो. (गोठा रोज झाडतो, तो सवयीने. मुंगशाला संध्याकाळी गुळाचा खडा लागतो, एवढं सांगायचं राहिलं होतं. आणि चांद्याला डाव्या अंगाला जुंपा, उजवीकडे तो रुसतो.)

आता नातवंडांचं सांगतो. आमचा सुनिल, सूनबाई रंजीता, आठ वर्षांची रिना आणि चार वर्षांचा चंदन अशी फौज हैदराबादहून पोळ्याला आली. बल्लारशाला गाडीतून उतरल्या उतरल्या चंदनने मला विचारलं, "आजोबा, तुमचे दात कोणाकडे आहेत?" घर त्या क्षणापासून जे जागं झालं ते अजून झोपलेलं नाही. तुमच्या बहिणीचा रक्तदाब उतरला आहे. माझा चष्मा दोनदा पाण्याच्या माठात सापडला. सकाळी चहा पिताना एक नात मांडीवर, एक नातू पाठीवर, आणि कप कुठे ठेवायचा ते कळत नाही. असा त्रास देवाने मला वर्षातून तीनशे दिवस द्यावा आणि उरलेल्या दिवसांत झोपू द्यावं.

पण लच्छूभाऊ, ही पोरं येण्याआधी मी एक घोळ करून ठेवला होता. रिना दर रविवारी फोन करते आणि पहिला प्रश्न असतो, "चांद्या काय करतोय?" ज्येष्ठात जोडी गेली त्या रविवारीही तिने विचारलं. मी म्हटलं, चारा खातोय. (हे खोटं म्हणता येणार नाही. कुठेतरी खातच असणार.) पुढच्या रविवारी तो बसला होता, त्याच्या पुढच्या रविवारी त्याने मुंगशाला शिंग मारलं. होता होता तुमच्या गोठ्यातले बैल मी इथे फोनवर बारा आठवडे पोसले. सुनिलला सगळं माहीत होतं. तो म्हणायचा, बाबा, सांगून टाका. पण रिनाने शाळेची सहल सोडली होती, चांद्याला आंघोळ घालायची म्हणून. चांद्या नाही हे कळलं तर ती इथे कशाला येईल? माझे गुडघे बघायला? आणि एक पोळा चुकला की पुढचा चुकायला वेळ लागत नाही, शेजारच्या घरांचं पाहतोच आहे. मला भीती वाटली, हे खरं आहे.

म्हणून मी शेजारच्या मंगरूची जोडी दोन दिवसांसाठी मागून आणली. त्याचा एक बैल मुंगशासारखा राखी आहे, त्याचं काम सोपं होतं. दुसरा चांद्यासारखाच तांबडा, फक्त कपाळावर चंद्र नाही. मी चुना घेतला, त्यात धावड्याचा डिंक कालवला आणि त्याच्या कपाळावर चंद्र काढला. (पहिला जरा पोळीएवढा झाला, पुसून परत काढला.) मंगरू बाजूला उभा राहून म्हणत होता, "भाऊ, पाप लागन तुमाले. आन् माह्या बैलाले खाज सुटन ते वेगळी."

पोरं पोचली ती पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला. रिना थेट गोठ्यात गेली आणि "चांद्या!" म्हणून हाक मारली. बैलाने शेपटीही हलवली नाही, कारण मंगरूने त्याचं नाव हिरो ठेवलेलं आहे. मी घाईघाईने सांगितलं की वयोमानाने त्याला कमी ऐकू येतं. मग तुमच्या बहिणीने तुपात हळद कालवली, पळसाच्या पानाने बैलांचे खांदे शेकले आणि कानाशी वाकून रीतीप्रमाणे म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." रिनाने विचारलं, असं सांगितलं की खरंच येतात? तुमची बहीण म्हणाली, "येतेच. आवतन देल्लं का बैल येतेच. मानाचं असते ते." रिना म्हणाली, पण याला ऐकू येत नाही ना. "मंग दोन्ही कानात सांग."

बस, एवढंच झालं. मी समजलो विषय संपला आणि पाय शेकत बसलो. रिना हळदीची वाटी आणि चंदनला घेऊन बाहेर पडली. तिला वाटलं, गावातल्या सगळ्याच बैलांना कमी ऐकू येत असेल तर त्यांचं आवतन राहून जायचं. तिने घरोघरचे गोठे केले. गावात आता बावीसच जोड्या उरल्या आहेत, म्हणजे चव्वेचाळीस बैल, म्हणजे अठ्ठ्याऐंशी कान. प्रत्येक कानात तिने सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या आजोबांकडे जेवायला या. 'आजोबांकडे' हा शब्द तिचा स्वतःचा. चंदन मागे मागे हळद लावत गेला. त्याने बैलांना लावली, तीन शेळ्यांना लावली, पोलीस पाटलाच्या मोटरसायकलला लावली आणि ओट्यावर झोपलेल्या सुकलूच्या टकलालाही लावली. सुकलूला दुसऱ्या दिवशी लोक विचारत होते, लग्न कधी.

पोळ्याच्या सकाळी बोडीच्या तळ्यावर बैल धुवायला नेले. मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं की कपाळ मी धुणार. पण गुडघा आडवा आला आणि पाण्यात शिरायला मला उशीर झाला. रिनाने तोवर आईचा शाम्पू आणला होता. (धावड्याचा डिंक पावसाला दाद देत नाही, पण शाम्पूचं मला माहीत नव्हतं.) तिने दोन वेळा हात फिरवला आणि चंद्र तिच्या तळव्यावर आला. ती हाताकडे बघत राहिली, मग बैलाकडे, मग माझ्याकडे.

"आजोबा, हा चांद्या नाही."

नाही, म्हटलं.

"चांद्या मेला?"

नाही ग बाई, लच्छूमामाकडे आहे, मस्त आहे, असं मी सांगितलं. तिने हात पाण्यात धुतला आणि बैलाची आंघोळ नीट पूर्ण केली. (बैलाचा काय दोष, असं तिला वाटलं असावं.) घरी आली ती आईच्या मागे बसून राहिली आणि दुपारी जेवली नाही. रडली असती तर समजूत घालता आली असती. मी तिच्याभोवती चार वेळा घिरट्या घातल्या. पाचव्यांदा तुमची बहीण म्हणाली, "बसा आता. बारा हप्ते बोलले, थोडा वेळ चूप राहा."

दुपारी मंगरूची जोडी मी परत केली. आखराच्या मैदानावर तोरणाखाली गावच्या जोड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि मी कडेला, रिकाम्या हाताने. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात कासरा नव्हता. लोक बोलले नाहीत, त्यांची मेहरबानी. पोळा फुटून जोड्या घरोघर निघायच्या आतच मी घरी आलो आणि ओसरीवर बसलो. दारात धुवायला बैलाचे पाय नाहीत, ओवाळायला कपाळ नाही. तुमच्या बहिणीने मातीची जोडी पाटावर मांडली होती. मला ती बघवेना.

तेवढ्यात घुंगरं वाजली. बघतो तर मंगरू, हिरोला आणि राखी बैलाला झूल घालून दारात उभा. मी म्हटलं, अरे, परत केली ना तुझी जोडी? तर म्हणतो, "मी नाई आलो जी. हेच आले. आवतन होतं त्याईले." त्याच्या मागे इतवारीबाईची जोडी. तिच्या मागे गोपालची. त्याच्या मागे पार वळणापर्यंत शिंगंच शिंगं, बेगड लावलेली, फुगे बांधलेली. मी ओरडलो, काय चाललंय हे? इतवारीबाई म्हणाली, "पोरीनं दोन्ही कानात सांगतलं. मंग न येऊन कसं जमते, भाऊ?"

लच्छूभाऊ, घरात पुरणपोळ्या होत्या एकवीस आणि दारात बैल चव्वेचाळीस. तुमच्या बहिणीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती तुम्ही लहानपणी पाहिलेली आहे. पण पुढच्याच क्षणी तिने पदर खोचला आणि मांडणी सुरू केली. एका पोळीचे दोन तुकडे, मग चार. रंजीताने पाय धुतले, रिनाने ओवाळलं, सुनिल घागरी आणत राहिला. पोळ्या संपल्या तेव्हा भात काढला, भात संपला तेव्हा गूळ, आणि गूळही संपला तेव्हा रंजीताने हैदराबादहून आणलेली उस्मानिया बिस्किटं उघडली. ती आमच्या बैलांना इतकी पसंत पडली की पोलीस पाटलाचा बैल दुसऱ्यांदा रांगेत येऊन उभा राहिला. चंदनने त्याला ओळखलं आणि परत पाठवलं. शेवटचा बैल जेवून गेला तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. (शेण दोन दिवस पुरलं. सारवण झालं, वर शेजारी वाटलं.) ज्या घरात यंदा एकही बैल नाही, त्या घरात सगळा गाव जेवून गेला. मी खांबाला धरून उभा होतो आणि माझे डोळे वाहत होते. धूर होता, असं मी सुनिलला सांगितलं. चूल केव्हाच विझली होती.

मग रिना जवळ आली, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही मला खोटं सांगितलं. मी बैलांना खरं सांगितलं. बघा, आले." मी कान पकडले. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "चांद्याला यंदा कोणी आवतन दिलं का?" मी म्हटलं, तो लांब आहे, त्याला कसं देणार? ती म्हणाली, "मग तो येईल कसा?"  ती माझ्या मांडीवर बसली आणि दुपारचं झाकून ठेवलेलं जेवण तिथेच जेवली, संध्याकाळी सात वाजता, माझ्या हाताने.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा झाला. लाकडी बैल ओढत चंदन घरोघर गेला आणि खिसे भरून बिस्किटं घेऊन आला. उद्या पोरं निघतील. घर मोठं होईल, तेवढं सोसायला हवं. बाकी इकडची काळजी करू नये, धान चांगलं उभं आहे. तुम्ही खुशाल असा आणि अडुळसा बकरीला देऊ नका.

आपला भाटवा,
भैयाजी

ता. क. — सहज आठवलं म्हणून लिहितो. पोळ्याच्या सुमाराला तुमची धानाची रोवणी आटोपलेली असते आणि बैल बसून असतात. तेव्हा पुढच्या वर्षी खांदशेकणीच्या दुपारपर्यंत दोघांना पिकअपमध्ये घालून इथे आणावं. दोन रात्री ठेवू, मग न्या. गाडीत खाली धानाचं तणस जाड अंथरा. तुम्हीही यावं, पण जागा कमी पडली तर आधी बैल.

आणखी ता. क. — सोबत रिनाची चिठ्ठी आहे. ती तुमच्यासाठी नाही. संध्याकाळी खांद्याला तूप-हळद लावून दोघांच्या कानात वाचायची आहे, दोन्ही कानात, सावकाश. चिठ्ठी अशी: "चांद्या, मुंगशा, आज आवतन घ्या, पुढच्या वर्षी जेवायला या. मी येणार आहे. तुम्ही पण या."

शेवटचं ता. क. — पाकीट चिकटवण्याआधी रिनाने सगळं पत्र वाचून पाहिलं. बैलांची मला अजिबात आठवण येत नाही, या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "आजोबा, परत?" तेव्हा ती ओळ खोडलेली समजावी. पेन टोकदार आहे, कागद फाटेल म्हणून तशीच ठेवली. चांद्याला चिठ्ठी वाचून दाखवाल तेव्हा त्यालाही हे सांगावं.