दोन्ही लावले का?

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आधी तुमचा डावा हात आठवावा लागतो. मनगटापासून कोपरापर्यंत सुजलेला, चुन्यानं पांढरा झालेला. तो मांडीवर ठेवून तुम्ही एका हातानं पीठ मळताय आणि मी दाराशी उभी आहे. तो हात माझ्यामुळे सुजला होता.

मी आठ वर्षांची होते. आई गेल्यावर दोन महिन्यांनी वडिलांनी मला लोह्याजवळच्या आमच्या गावातून इस्लापूरच्या पुढं, तुमच्या वसतिगृहात आणून सोडलं. तुम्ही तिथल्या अधीक्षिका, पण ते कागदावर. भाजीतल्या मिठापासून पोरींच्या उवांपर्यंत सगळं तुमच्याच अंगावर. दिवेलागणीला तुम्ही चुलीपाशी बसल्या बसल्या विचारायचात, "आतला दिवा लावला का गं?" म्हणजे कोठीतला कंदील. तिथं ज्वारीची पोती असायची, सरपण असायचं. हे बाकीच्या पोरींना ठाऊक होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हा आजी एवढंच म्हणाली होती, की माणसाच्या आत एक दिवा असतो, तिचा विझला, तू तुझा सांभाळ. त्यामुळे दिवा लावायची माझी पाळी आली त्या संध्याकाळी तुमची हाक ऐकून मी व्हरांड्यात मांडी घातली, डोळे गच्च मिटले आणि आत कुठं काही पेटतंय का ते बघत बसले. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी "हाव" म्हणाले. तुम्ही सरपण आणायला कोठीत गेलात, आत काळोख दिसला, तरी हात घातलात, कारण चुलीतला जाळ मंदावला होता आणि पोरी ताटं घेऊन बसल्या होत्या. विंचू लाकडातच होता.

मार बसणार हे मी धरूनच चालले होते. तुम्ही कळ सोसत मला जवळ बोलावलंत. "दिवा लावला म्हनलीस न्हवं?" "हाव." "कुठं लावला?" मी छातीवर हात ठेवला. "हितं. आत." तुम्ही सुजलेला हात मांडीवर नीट ठेवलात. मग विचारलंत, "पेटला का?" मला रडू फुटलं. "न्हाई, बाई. लई येळ बसले." तुम्ही हसला नाहीत, याचे उपकार मी अजून मानते. "उद्यापासून असं कर," तुम्ही म्हणालात, "आधी कोठीतला लाव, मग तुझा. एकानं भागत न्हाई." आणि दुसऱ्या दिवसापासून तुमचा प्रश्नच बदलला. वसतिगृहातल्या इतर पोरींना त्याचा अर्थ कधी कळला नाही. तुम्ही फक्त माझ्याकडं बघून विचारायचात, "दोन्ही लावले का?"

कसा लावायचा तेही तुम्हीच शिकवलंत. माझा हात लहान, काचेत सहज जायचा. राखेनं काच घासायची, फडक्यानं पुसायची, वात सरळ कापायची, म्हणजे काजळी धरत नाही. मग कंदिलासमोर बसून ज्योत ठरेपर्यंत तिच्याकडं बघायचं आणि डोळे मिटायचे. तीच ज्योत आत दिसते, आधी पिवळी, मग जांभळी. ती विझेपर्यंत बसायचं आणि उठून ताटं मांडायची. एवढीच साधना, ना मंत्र, ना माळ. पुढं मला त्याची गोडी लागली, चार पोरी कौतुकानं बघायला लागल्या, तशी मी जरा जास्तच वेळ बसायला लागले. तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "डोळे मिटायला काय लागतं? कोंबडीबी मिटती. ऊठ, पाणी भर." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आता मी लातूरला असते. शाळेतली नोकरी संपली, तरी मलाही सगळे बाईच म्हणतात. बसणं एक दिवस चुकलेलं नाही. लोक म्हणतात, तुमच्या चेहऱ्यावर किती शांतता आहे. ते ऐकलं की मला किनवटहून आलेला तो फोन आठवतो. आपल्याच वसतिगृहातली मैत्रीण बोलत होती. "बाई सरकारी दवाखान्यात हायेत. सारखं तुझं नाव काढून राहिल्यात. आजच नीघ." नांदेडची गाडी तासाभरात होती. म्हटलं, आधी जरा बसावं, मन ठिकाणावर येऊ द्यावं. बसले. आणि बाई, त्या संध्याकाळी जसा उजेड दिसला तसा ना आधी दिसला, ना नंतर. तुम्ही जवळच आहात असं वाटलं. भेट झाली असं वाटलं. उठले तेव्हा गाडी गेलेली होती आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. सकाळी निघू म्हणून मी झोपले. किनवटला पोचले तेव्हा तुम्ही पहाटेच गेला होतात. मैत्रीण म्हणाली, रात्रभर दाराकडं बघत होत्या. तो उजेड खोटा नव्हता, म्हणूनच तो मला जास्त बोचतो. तुम्हाला मी दुसऱ्यांदा काळोखात हात घालायला लावला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगायचं धाडस आज झालं, ते तुम्ही वाचणार नाही म्हणून.

आमच्या जिन्यातल्या दिव्याचं बटण माझ्या दाराशी आहे. वरच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या मावशी राहतात, सगळे त्यांना खाला म्हणतात; बांगड्यांचं जुनं दुकान आहे त्यांच्या घरचं. मोतीबिंदूमुळे त्यांना संध्याकाळी कमी दिसतं. दुकानातून आल्या की खालूनच विचारतात, "बाई, दिवा लावला ना? मी येऊन राहिले." रोज तो लावते आणि मगच बसते. आज मात्र हे लिहिण्यात मी इतकी आत गेले की खिडकीबाहेर कधी अंधारलं ते कळलं नाही. खालच्या पायरीवर काठी टेकल्याचा आवाज आला आत्ता. बाई, आजही मी एकच लावलाय. उठते.