रॅनफर्लीच्या थंडीला पुरेल असा हीटर

ओमारू,
२६ मे

प्रिय डूगलदादा,

तुझ्या फुप्फुसांना, तुझ्या गुडघ्यांना आणि तुला, या क्रमाने माझा नमस्कार. टिगला (तुझ्या घरात शहाणी तेवढी ती कुत्रीच) माझ्यातर्फे एक बिस्कीट दे. मी ठणठणीत आहे. तुला खोकला येतो का, असं मी विचारणार नाही, कारण तू "नाही" म्हणशील आणि म्हणता म्हणता खोकशील.

गेल्या जुलैत, ऐन हिवाळ्यात, न्युमोनियाने तू अकरा दिवस डनेडिनच्या इस्पितळात काढलेस, हे तू विसरला असलास तरी मी विसरलेले नाही. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यादेखत सांगितलं होतं, "पुढचा हिवाळा हे त्याच गारठलेल्या खोलीत झोपले, तर पुन्हा माझ्यापर्यंत पोचतीलच असं नाही." त्यावर तू काय केलंस? घरी जाऊन आणखी एक स्वेटर चढवलास! निजायच्या खोलीत ऊब म्हणजे बाबांच्या लेखी अधःपात, आणि तू त्यांचा थोरला. ओमारूला माझ्याकडे यायचं नाही, कारण मेंढ्या. घरात काही बसवू द्यायचं नाही, कारण बाबा (त्यांना जाऊन एकतीस वर्षं झाली). शेवटी मी म्हणाले, मीच माझी राहायची गाडी घेऊन येते, तुझ्या खालच्या कुरणात लावते, गाडीत दुसरा पलंग आहे, रात्री तिथे झोप. तेव्हा चहा सांडेपर्यंत हसलास. "मोर्ने, त्या पत्र्याच्या डब्यात? रॅनफर्लीच्या थंडीत? लागोपाठ दोन रात्री एकटी राहून दाखव. राहिलीस, तर सप्टेंबरपर्यंत मुकाट्याने तिथे झोपेन." दादा, तू मला लहानपणापासून ओळखतोस. पैज लावायला नको होतीस.

आता हीटर. कँपवर दुपारी चारला आम्हा गाडीवाल्यांचं रिंगण बसतं, हे तुला माहीतच आहे. ज्याने त्याने आपली खुर्ची, आपला पेला आणि आपलं मत घेऊन यायचं. "गाडीत कोणता हीटर घालू?" एवढंच मी विचारलं, आणि सतरा खुर्च्या एकदम पुढे सरकल्या. नोएलीन गॅसवाली. ती म्हणे, "अगं, काडी ओढली की ऊब! आणखी काय हवं माणसाला?" म्हणून तिच्या गाडीत तासभर बसून आले. ऊब होती, पण खिडक्यांवरून पाणी असं निथळत होतं की तिच्या नवऱ्याने दर दहा मिनिटांनी टॉवेल पिळला. शिवाय त्या गॅसचा धूर बाहेर जायला नळी नाही, म्हणून जीव वाचवायला खिडकी उघडी ठेवायची. म्हणजे पैसे देऊन आत ऊब करायची आणि खिडकीतून मेंढ्यांना वाटायची. तिचं ऐकलं असतं तर डॉक्टरीणबाईंकडे आपण दोघं जोडीने गेलो असतो.

मग लाकडाच्या चिमुकल्या शेगडीचा मोह झाला. एकाने वापरलेली दिली, छपराला भोक पाडून धुराडंही बसवून दिलं. रूप असं गोड की मी तिच्याकडे बघत दोन कप चहा प्यायले. तिसऱ्या कपाला अंगावर फक्त परकर उरला होता आणि पायाची बोटं मात्र गारच. त्यातून गाडी तपासायला नेली, तर तपासनीस धुराड्याकडे बोट करून म्हणाला, "बाई, ही गाडी पास करू की घरपट्टी लावू?" शेगडी परत गेली, भोकावर पत्रा मारला.

राहिला डिझेलचा. तो गाडीच्याच टाकीतून घोट घोट पितो, जळका वायू गाडीच्या तळाखालून बाहेर टाकतो आणि आत कोरडी ऊब देतो. हेच माझ्या मनात पहिल्यापासून होतं (पण रिंगणाला न विचारता घेतलं असतं, तर वर्षभर कुणी केक दिला नसता). आता आपल्याकडे शेडमध्ये स्वतः करता येण्यासारख्या कामाचे कारागिराला पैसे देणं म्हणजे दारूच्या खालोखालचं व्यसन. शेजारचा मर्व म्हणाला, "कारागीर कशाला? शनिवारी येतो. तू फक्त चीजचे स्कोन कर." आला. स्कोन आधी खाल्ले. मग गाडीखाली उताणा झोपून त्याने तिच्या तळाला खालून भोक पाडलं आणि गिरमिट थेट पिण्याच्या पाण्याच्या टाकीत घातलं. ऐंशी लिटर, दादा. सगळं त्याच्या तोंडावर. मी ओरडले, "मर्व, जिवंत आहेस का?" खालून गुळण्या करत उत्तर आलं, "काही नाही गं, होऊन जाईल!"

झालं नाही. मी गाडी कारागिराकडे नेली. त्याने एका सकाळीत हीटर बसवला, टाकी बदलली आणि विषारी वायू झाला तर ओरडणारी डबीही भिंतीला लावून दिली. मर्व आठवडाभर बोलला नाही. मग समेट म्हणून त्याने शेडमधलं डिझेल आणून माझ्या टाकीत ओतलं. फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात कापणीनंतर उरलेलं, टाकवत नव्हतं म्हणून जपलेलं. (मला कळायला हवं होतं. मी रॅनफर्लीची मुलगी. पण फुकटचं म्हटलं की आपल्या घराण्याची अक्कल जाते.) ते घेऊन मी तुझ्यापासून वीस मिनिटांवर नेझबीला कँपवर गेले. तुला मुद्दाम कळवलं नाही, नाहीतर तू थर्मामीटर घेऊन खिडकीशी उभा राहिला असतास. पहाटे उणे सात, आणि हीटर दोनदा खोकला (अगदी तुझ्यासारखा) आणि बंद. उन्हाळी डिझेल टाकीत मटणाच्या रश्श्यावरच्या चरबीसारखं थिजलेलं. हीटर बंद, इंजिन बंद, आणि मी सगळे कपडे एकावर एक घालून बसलेली. शेवटी ट्रॅक्टर घेऊन एक म्हातारा आला आणि गाडी ओढत नेली. "समुद्रकाठचं डिझेल इथं आणलंत होय? मग पोहायचा पोशाखही आणलाच असेल!"

असं ऐकून मी मागे फिरेन, असं तुला वाटलं का? टाकी रिकामी केली, तुमच्या पंपावरचं हिवाळी डिझेल भरलं आणि त्याच जागी गाडी पुन्हा लावली. लागोपाठ दोन रात्री. बाहेर उणे आठ, आत वीस. रजई लाथेने उडवली. हीटर एकदाही खोकला नाही. कँपच्या मालकिणीने तारखा घालून सही दिली आहे, ती सोबत जोडते. शनिवारी पोचते. गेट उघडं ठेव.

तुझी हट्टी बहीण,
मोर्ना

ता. क. उशी तुझी तू आण. स्वेटर आणू नकोस.

ता. क. २. कँपच्या मालकिणीची सही गाडी तिथे होती एवढ्यापुरतीच आहे. माझ्यापुरती नाही. पहिली रात्र मी कशीबशी काढली. दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर कँपच्या सामायिक स्वयंपाकघरात जाऊन बसले ती उजाडेपर्यंत, कोट घालून, किटलीशी बोलत. थंडीने नव्हे. गाडीत छान ऊब होती. पण क्लिफ जाऊन मी विधवा झाले, तेव्हापासून या फेरीपर्यंत मी त्या गाडीत एकटी झोपलेच नव्हते, आणि ऊब आली तसा पलीकडचा त्याचा रिकामा पलंग सहन होईना. गारठ्यात एवढं कळत नाही. हे मी मुलांनाही सांगितलेलं नाही.

ता. क. ३. तेव्हा पैज तू जिंकलास. मुकाट्याने ये, असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. तरी शनिवारी मी येतेच आहे. डॉक्टरीणबाईंचं सोड, बाबांचंही सोड. मला भीती वाटते, म्हणून ये, दादा. घोरलास तर फारच बरं.