गुरुजींची चूक नव्हती

पारनेर

प्रिय तुषार,

रविवारी तुझा फोन आला तेव्हापासून तुझी काकू फक्त नाचायचीच बाकी आहे. घरात पोरगी आली! ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना पेढे वाटून झाले. सुकन्याला म्हणावं, डिंकाचे लाडू निघालेत, लाजू नकोस, खा.

आडनावाचं बोललास ते मात्र डोक्यात घोळतंय. आपण ठुबे. पण शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, बापाचं नाव शेवटी. पासपोर्टच्या अर्जात तू तसंच उतरवलंस, आणि कॅनडावाल्यांनी शेवटचं नाव तेच आडनाव धरलं. झालं! अकरा वर्षं तुम्ही तिकडं 'सहादू' कुटुंब. काकू लई हसते. इथं सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, आणि सुकन्या दवाखान्यात नोकरीवर चुलतसासऱ्याच्या नावाचा बिल्ला छातीवर लावून फिरते! खरं सांगू? मला फार भारी वाटायचं. मूलबाळ नसलेल्या माणसाचं नाव, तेही बर्फाच्या देशात, घराच्या दारावर. तुम्हा दोघांचे उपकार कसे फेडू रे?

आता लेकीच्या कागदावर ठुबेच लागावं हे तुझं म्हणणं रास्त आहे. तुझा वकील विचारतोय, वडील रामहरी असताना दाखल्यावर सहादू कसं आलं? तू म्हणालास, काका, गुरुजींची चूक झाली असं प्रतिज्ञापत्र करून पाठवा. घरात आपण कायम तेच सांगत आलो.

तेच मला लिहवेना, म्हणून हे पत्र. गुरुजींनी काही चूक केली नव्हती. दादा-वहिनी टेम्पोच्या अपघातात गेले त्याला सहाच महिने झाले होते. तू माझं बोट धरून शाळेत उभा होतास. गुरुजींनी बापाचं नाव विचारलं आणि मी माझं सांगितलं. सख्ख्या भावाचं नाव मी पुसलं, आणि आळ त्या भल्या माणसावर ढकलला. गुरुजी जाईपर्यंत एका शब्दानं बोलले नाहीत. सोबतच्या प्रतिज्ञापत्रात खरं तेच लिहिलंय. आडनाव बिनघोर बदल. रागावलास तरी तुझा हक्क आहे. मला मिळायचं ते केव्हाच मिळालंय. त्या दिवशी हजेरीत गुरुजींनी 'ठुबे तुषार सहादू' अशी हाक मारली, मी खिडकीबाहेर चोरासारखा उभा होतो, आणि तू केवढ्यानं ओरडलास, 'हजर!'

तुझाच,
काका