देवव्रतचं मानपत्र

कर्जत, ९ जुलै २०२४

चि. हेमचंद्र यास,
अ. उ. आ.

कारखान्याने तुझे कान नेले, म्हणून पत्र. मागे फोनवर गुडघे दुखतात म्हटलं, तर तू गुळाची ढेप पाठवलीस.

काल छापखान्याच्या कर्जाचा छत्तिसावा, शेवटचा हप्ता भरला. टाळेबंदीत लग्नं थांबली, पत्रिका थांबल्या, तेव्हा सरकारने हमी देऊन छोट्या धंद्यांना दिलेलं तेच हे कर्ज, पहिलं वर्ष बिनहप्त्याचं. बँकेतल्या मुलीने माझं अभिनंदन केलं. वाटलं होतं घरी येऊन रडेन. पोटभर जेवले.

आजवर लिहिलं नव्हतं ते आता लिहिते. त्या तीन लाखांतले दोन लाख देवव्रतने उचलले. हे गेल्यावर धाकटा दीर म्हणून मीच त्याला भागीदार केलं, सहीचा अधिकारही मीच दिला. कामगारांचे पगार वाटतो म्हणाला आणि इथल्या कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशी जागेचा विसार देऊन आला. आज तिथे त्याचं फार्महाऊस आहे. बावीस वर्षं आपलं मशीन चालवणाऱ्या नामाचा चार महिन्यांचा पगार बुडाला. तो आता खालापूरला एका गोदामावर वॉचमन आहे. त्याची बायको हिरू मला भर बाजारात म्हणाली, की वैनी, आमच्यासाठी आलेलं तुमी खाल्लं. घराण्याची अब्रू म्हणून मी गप्प बसले. पाटल्या विकल्या, हप्ते भरले.

आता ऐक. इथलं व्यापारी मंडळ २१ तारखेला देवव्रतचा सत्कार करतंय, संकटकाळात कामगारांना सांभाळल्याबद्दल! मानपत्राचा मजकूर घेऊन तो स्वतः आला. घरचंच काम आहे, बिल लावू नका म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि काम ठेवून घेतलं. मजकूर मात्र माझा जाईल.

तुझी,
ताई

रसायनी, १३ जुलै २०२४

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गूळ कसा होता ते तू अजून कळवलं नाहीस.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. देवव्रत दर वर्षी आमच्याकडे येतो. वहिनींनी कर्जाचे पैसे उधळले, मीच कसंबसं सावरतोय, असं त्याने सांगितलं आणि मी ते खरं मानलं. म्हणूनच दोन दिवाळ्या मी भाऊबिजेला आलो नाही, ताई. पाठदुखीचं निमित्त खोटं होतं. आता कोणत्या तोंडाने माफी मागू?

तरीही सांगतो. वकील करू, तक्रार देऊ, मी बरोबर येतो. पण मानपत्र बदलू नकोस. निवेदिता त्याची मुलगी असली तरी तुझ्या छापखान्यात रांगली आहे. भर सभेत तिच्यासमोर बापाचं असं काही नको.

तुझा अपराधी,
हेमचंद्र

कर्जत, २२ जुलै २०२४

चि. हेमचंद्र यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वेळेत मिळालं. ऐकलं नाही. भाऊबिजेचं वाचल्यावर उलट हात अधिक भराभर चालला. माझा भाऊ त्याने माझ्यापासून तोडला, त्याचं कर्ज कोणत्या बँकेत फेडायचं?

मानपत्र वाचायला येसाजी मास्तर उभे राहिले. ऐंशीचं वय, पण आवाज अजून वर्गातलाच. पहिल्या ओळी मी मंडळाच्याच ठेवल्या होत्या, पुढे माझ्या. आपण जून २०२० मध्ये कामगारांच्या पगारासाठी आलेले दोन लाख रुपये काढून कोंडाण्याला जमीन घेतलीत. आपल्या या कर्तृत्वामुळे नामा चार महिने पगाराविना राहिला. कर्ज आपल्या विधवा वहिनीने फेडलं. मास्तर थबकले. चष्मा पुसला. अर्धवट काही सोडायची त्यांना सवय नाही. खाली तारखेपर्यंत वाचलं आणि मग अध्यक्षांना विचारलं, की हे खरं आहे का. देवव्रत गळ्यात हार घालून उभा. बँकेचा उतारा मी पर्समध्ये नेला होता, तो मास्तरांच्या हातात दिला. नामा आणि हिरूला मी गाडी करून आणलं होतं, पहिल्या रांगेत बसवलं होतं.

निवेदिता माझ्याकडे न बघता निघून गेली. ते लागलं. पण रात्री झोप मात्र अशी लागली, जशी चार वर्षांत लागली नव्हती. मला कठोर म्हण हवं तर. दिवाळीला ये.

तुझी,
ताई

कोंडाणे, २५ जुलै २०२४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तीन दिवस घराबाहेर पडलो नाही. फार्महाऊसला आलेली पाहुण्यांची बुकिंगं रद्द होत आहेत, निवेदिता माझ्याशी बोलत नाही. झालं ते झालं. दोन लाख व्याजासह आपल्याला देतो. आपण फक्त मंडळाला एक चिठ्ठी द्यावी, की दुसऱ्या कुणाचा मजकूर चुकून आमच्या मानपत्रात छापला गेला. दादांच्या आठवणीसाठी तरी एवढं करावं. माया असू द्यावी.

आपला,
देवव्रत

कर्जत, २७ जुलै २०२४

श्री. देवव्रत यांस,

आशीर्वाद लिहिलेला नाही, तो राहून गेलेला नाही.

माझे पैसे बँकेत भरा. नामाचा पगार मात्र खालापूरला त्याच्या घरी जाऊन, हिरूच्या हातात द्यायचा आणि तो इतकी वर्षं कुठे होता तेही तिला सांगायचं. निवेदिताला निरोप द्या, की छापखान्याचं दार तिला उघडं आहे. तुम्हाला नाही.

चिठ्ठी मिळणार नाही. मानपत्रात छपाईची एकही चूक नाही. प्रूफ मी स्वतः तीनदा वाचलं होतं.

कळावे.
प्रमोदिनी